समुद्रापासून दूर, रेग्युलेटर निवडताना

अकोले तालुक्यातून मालवण पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. संगमनेर, पुणे, कोल्हापूर करत जायचं आणि घाट उतरून कोकणात शिरायचं. आमच्या तालुक्यात पाण्याची वाण नाही. प्रवरा, मुळा आणि आढळा या नद्या आहेत, भंडारदरा आणि निळवंडे ही धरणं आहेत. स्कूबासाठी मात्र समुद्रच गाठावा लागतो, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर डायव्हिंग बंद असतं. त्यामुळे इथल्या डायव्हरचा रेग्युलेटर वर्षातले बहुतेक दिवस कपाटात काढतो. उबदार पाण्यासाठी कोणता रेग्युलेटर घ्यावा, हा प्रश्न हल्ली गावातली दोन-चार तरुण मुलं विचारतात. त्यांच्यासाठी वेळोवेळी लिहून ठेवलेली ही टिपणं.

*

आधी यंत्र समजून घ्यावं. भरलेल्या टाकीत साधारण २०० बार दाबाची हवा असते. एवढा दाब थेट फुप्फुसात घेता येत नाही. टाकीच्या तोंडावर बसते ती फर्स्ट स्टेज. ती हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इतक्यावर आणते. हा मधला दाब. तोंडात धरतो ती सेकंड स्टेज. आपण श्वास ओढला की तिच्यातला पातळ पडदा आत खेचला जातो, तरफ दबते, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळते. श्वास थांबला की झडप मिटते. स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर शेगडीसाठी दाब उतरवतो, तेच काम इथे दोन टप्प्यांत होतं. फरक एवढाच की इथे बाहेरचा दाब सतत बदलत असतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो, आणि यंत्राला क्षणोक्षणी त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

*

नातेवाईक विचारतात, ‘ऑक्सिजन किती वेळ पुरतो?’ टाकीत असते ती आपलीच साधी हवा, गाळून आणि कोरडी करून दाबलेली. तिच्यात ऑक्सिजन २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली जाणं धोक्याचं, कारण दाबाखाली तोच विषारी होतो आणि पाण्यात झटके येऊ शकतात. हे घरच्यांना नीट सांगावं. मुलगा काय करतो हे आईला कळलं की तिची निम्मी भीती उतरते, आणि उरलेली निम्मी रास्त असते.

*

या यंत्राचा इतिहास मला फार आवडतो. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये खाणींचा अभियंता रुकेरोल आणि नौदलातला अधिकारी देनेरूझ यांनी मागणीनुसार हवा देणारं उपकरण बनवलं. ज्यूल व्हर्नच्या समुद्राखालच्या सफरीच्या कादंबरीत ते येतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा एमिल गान्यान हा अभियंता गाड्यांना गॅसवर चालवणारी झडप घडवत होता. झाक कुस्तो त्याला भेटला आणि १९४३ मध्ये दोघांनी तीच कल्पना पाण्याखालच्या श्वासासाठी वापरली. आज आपण वापरतो तशी एकच नळी तोंडाकडे आणणारी रचना १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या टेड एल्ड्रेडने बाजारात आणली. खाण, मोटार आणि समुद्र अशा तीन ठिकाणच्या कारागिरांचं डोकं यात लागलं आहे. हातात घेतल्यावर ते आठवावं आणि यंत्र जमिनीवर आपटू नये.

*

आता मुख्य मुद्दा, उबदार पाणी. दाबलेली हवा एकदम पसरली की थंड होते. पाणीही गार असेल तर फर्स्ट स्टेजवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा भसाभस वाहू लागते. म्हणून युरोपातल्या ईएन २५० या मानकात १० अंश सेल्सियसची रेघ आखली आहे. त्याखालच्या पाण्यासाठी यंत्राला ४ अंशांच्या पाण्यात वेगळी चाचणी द्यावी लागते. ज्या यंत्राने ती दिलेली नाही, त्यावर १० अंशांहून जास्त तापमानासाठीच असल्याची खूण असते.

मालवण, गोवा, मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप. इथलं पाणी हंगामात पंचवीस अंशांच्या वरच असतं. त्या रेघेपासून आपण फार दूर आहोत. दुकानदार थंड पाण्यासाठी बांधलेलं यंत्र दाखवून ‘हे सगळ्यात सुरक्षित’ म्हणाला, तर त्याचं बोलणं नॉर्वेच्या फिओर्डसाठी खरं आहे. तारकर्लीत त्या बांधणीचा उपयोग नाही. ते पैसे दुसरीकडे लागणार आहेत. कुठे, ते पुढे लिहितो.

*

पिस्टन की डायफ्रॅम?

पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये हलणारे भाग थोडे. साधी, टिकाऊ, उघडून जोडायला सोपी. स्कूबाप्रोची एमके-२ किंवा अ‍ॅक्वालंगची कॅलिप्सो ही त्यातली वर्षानुवर्षं चाललेली साधी मॉडेलं. जगभर शिकवणीच्या केंद्रांत अशीच यंत्रं दिसतात, कारण ती रोज वापरली तरी दमत नाहीत. यात स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी खेळतं, आणि त्याबरोबर मीठ आणि बारीक रेतीही शिरते.

डायफ्रॅमच्या रचनेत रबरी पडदा आतली यंत्रणा पाण्यापासून वेगळी ठेवतो. भाग जास्त, सर्व्हिसला काम जास्त, पण आतला मुख्य भाग कोरडा राहतो. देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. नदीमुखाजवळचं पाणी गाळाचं, त्यात पावसाळ्यानंतरचे पहिले आठवडे फारच गढूळ. अशा पाण्यात जायचं आणि परत येऊन यंत्र महिनोन्महिने ठेवून द्यायचं, तर आत मीठ न शिरणारी रचना मला बरी वाटते. रोज वापरून रोज धुणाऱ्या किनाऱ्यावरच्या इन्स्ट्रक्टरने पिस्टन घेतला तर तेही तितकंच बरोबर.

*

बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड यांतला फरक डायव्हच्या शेवटी कळतो. अनबॅलन्स्ड यंत्रात टाकीतला दाब उतरत गेला की मधला दाबही थोडा घसरतो आणि श्वास ओढायला किंचित जास्त जोर लागतो. बॅलन्स्ड यंत्रात टाकी भरलेली असो की संपत आलेली, श्वास तसाच मिळतो. १०-१२ मीटरवर शांतपणे पोहणाऱ्याला पहिल्या प्रकाराने काही बिघडत नाही. ३० मीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या चौपट होते. तिथे प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले, किंवा घाबरलेल्या जोडीदाराला आपल्याच टाकीतून हवा द्यावी लागली, की हा फरक जाणवतो. स्वतःचं यंत्र एकदाच घेणार असाल तर बॅलन्स्ड घ्या, असं मी सांगतो.

*

श्वासाचा जोर ही चैनीची बाब नाही. श्वास ओढायला कष्ट पडले की माणूस उथळ, भरभर श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो साठला की जीव घुसमटल्यासारखा होतो, आणि टाकीत हवा असूनही माणूस वर पळायला बघतो. पाण्याखालची घबराट अनेकदा अशी सुरू होते. म्हणून ईएन २५० मध्ये ५० मीटरवर, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाच्या वेगाने चाचणी घेतात आणि श्वासाच्या कष्टाला लिटरमागे ३ ज्यूलची मर्यादा घालतात. नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रं यात पास झालेली असतात. त्यामुळे मर्यादेच्या आतल्या यंत्रांमध्ये दशांशांच्या फरकावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

*

एक हिशेब, मुलांनी स्वतः करून बघावा असा. आपल्याकडच्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचं पोट ११.१ लिटर. २०० बारला सुमारे २,२२० लिटर हवा. ५० बार राखीव सोडले तर वापरायला १,६६५ लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १० मीटरवर ४० लिटर घेतो, म्हणजे जेमतेम ४१ मिनिटं. २० मीटरवर ६० लिटर, म्हणजे २८ मिनिटांच्या आत. कोणताही महागडा रेग्युलेटर हा आकडा वाढवत नाही. तो वाढतो शांत श्वासाने आणि नीट शिकण्याने.

*

योक आणि डिन. टाकीला रेग्युलेटर जोडायच्या या दोन पद्धती. योक म्हणजे टाकीच्या तोंडाभोवती बसणारा शिकंजा, वरून मूठ पिळायची. डिन म्हणजे आट्यांनी आत बसणारा जोड. डिनमध्ये ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद करणारी रबरी कडी, चारी बाजूंनी कोंडलेली असते, म्हणून जोड जास्त भक्कम. उबदार पाण्याच्या पर्यटनाच्या ठिकाणी योक जास्त दिसतो. डिनचा रेग्युलेटर घेऊन सोबत योकचा अडॅप्टर ठेवला तर दोन्हीकडे चालतं. फक्त वजन आणि लांबी थोडी वाढते. जिथे जायचं त्या केंद्राला फोन करून आधी विचारावं. रात्रभर प्रवास करून पोचल्यावर जोड बसत नाही हे कळलं, तर आपलं यंत्र पिशवीतच राहतं.

*

रेग्युलेटर म्हटलं की पूर्ण संच डोळ्यांपुढे हवा: फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, जोडीदारासाठीची जादा सेकंड स्टेज म्हणजे पिवळी ऑक्टोपस, दाबाचं गेज, बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटात) हवा भरणारी नळी. मुलं मुख्य सेकंड स्टेजवर सगळे पैसे घालतात आणि ऑक्टोपस मिळेल ती घेतात. ऑक्टोपस लागते ती सर्वात वाईट क्षणी, घाबरलेल्या माणसाला, जो जोरजोरात हवा ओढत असतो. ती दुय्यम समजू नये. ज्या फर्स्ट स्टेजवर ऑक्टोपससकट चाचणी झालेली असते, तिच्यावर ईएन २५० च्या पुढे ‘ए’ अक्षर असतं. ते बघून घ्यावं.

*

उष्ण हवेचा एक धोका नळ्यांमध्ये आहे. हलक्या, विणलेल्या वेष्टणाच्या नळ्या प्रवासाला सोयीच्या. पण काहींच्या आत पॉलियुरेथेनचं अस्तर असतं. उष्ण आणि दमट हवेत त्याचं विघटन होतं, आत स्फटिक साचतात आणि हवेची वाट अडते. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. विणलेली नळी असेल तर सर्व्हिसच्या वेळी आतून तपासून घ्यावी आणि ठरल्या मुदतीत बदलावी. साध्या रबरी नळीच्या टोकाचं प्लास्टिकचं आवरणही अधूनमधून मागे सरकवून बघावं. गंज आणि चिरा त्याच्याखाली लपतात.

*

एक दिलासा. सेकंड स्टेजची झडप अशी बसवलेली असते की बिघडली तर ती बहुधा उघडी राहते. हवा बंद पडत नाही, जास्त येते. टाकी मात्र काही मिनिटांत रिकामी होते. वाहत्या हवेतून ओठांच्या कडेने श्वास घेत सावकाश वर येणं कोर्समध्ये शिकवतात. हा सराव कंटाळून उरकू नये.

*

ज्यांना अजून पूर्ण संच परवडत नाही त्यांनी आधी स्वतःचं माउथपीस घ्यावं. सिलिकॉनचं, आपल्या जबड्याला बसणारं. ते खिशात मावतं, भाड्याच्या सेकंड स्टेजवर प्लास्टिकच्या पट्टीने बसतं, आणि दुसऱ्याच्या तोंडातलं आपल्या तोंडात घ्यावं लागत नाही. तासभर दात आवळून जबडा दुखतो, तो बहुतेकदा चुकीच्या मापाच्या माउथपीसमुळे. त्यानंतर मास्क, मग डाइव्ह कॉम्प्युटर, आणि रेग्युलेटर सर्वांत शेवटी.

*

सर्व्हिस. सगळी निवड शेवटी इथे येऊन ठेपते. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे दर वर्षी किंवा दोन वर्षांनी, नाहीतर ठरावीक डाइव्हनंतर, यंत्र पूर्ण उघडून आतल्या ओ-रिंगा आणि झडपेची बैठक बदलायची असते. त्यासाठी त्या कंपनीचा किट लागतो, त्या मॉडेलचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो, मधला दाब मोजायचं गेज लागतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा असावा: ‘याची सर्व्हिस महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोण करतो, आणि किट हाताशी असतो का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर यंत्र कितीही देखणं असो, ठेवून द्यावं. परदेशातून स्वस्तात मागवलेलं, इथे कुणीच न उघडणारं यंत्र दोन वर्षांत शोभेची वस्तू होतं. थंड पाण्याच्या बांधणीवर वाचवलेले पैसे इथे घालायचे.

*

आमच्याकडे मोटारी आणि पंप दुरुस्त करणारे हात फार तयार आहेत. विहिरीतली सबमर्सिबल अंधारात खोलून जोडणारे फिटर आहेत. त्यांना ओ-रिंग, सील आणि वॉशर शिकवावे लागत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी प्रेमाने म्हणतो, ‘दादा, आणा इकडं, बघतो खोलून.’ मी हात जोडून नाही म्हणतो आणि कारण सांगतो. यात साधं ग्रीस चालत नाही. पेट्रोलियमच्या ग्रीसने काही रबर फुगतं, आणि जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाशी हे ग्रीस पेट घेऊ शकतं. बैठकीवर केसाएवढा ओरखडा पडला तर मधला दाब हळूहळू चढत जातो. मनापासून वाटतं, या मुलांपैकी एखाद्याने रीतसर प्रशिक्षण घ्यावं. असा कारागीर किनाऱ्यावरच्या कुठल्याही केंद्राला हवाच असतो.

*

जुनं यंत्र घेताना घरच्या घरी होणाऱ्या दोन परीक्षा. पहिली, टाकीला न जोडता: फर्स्ट स्टेजचं तोंड टोपणाने बंद करून सेकंड स्टेजमधून हळू ओढायचं. हवा आली तर पडद्याला किंवा उच्छ्वासाच्या झडपेला फट आहे. दुसरी, टाकीला जोडून: गेजकडे बघत तीन-चार मोठे श्वास घ्यायचे. काटा दर श्वासाला खाली झुकून वर आला तर टाकीची झडप पुरती उघडलेली नाही किंवा फर्स्ट स्टेजच्या तोंडातली गाळणी चोंदली आहे. गाळणीवर हिरवट थर दिसला तर आत पाणी शिरलं होतं, असं समजावं. दोन्ही परीक्षा पास झाल्या तरी सर्व्हिस करूनच पाण्यात न्यावं.

*

धुणं. डाइव्ह संपल्यावर फर्स्ट स्टेजचं टोपण आधी कोरडं करायचं, मग घट्ट बसवायचं. गोड्या पाण्याच्या बादलीत संच निवांत भिजू द्यायचा. या वेळी सेकंड स्टेजचं पर्ज बटण दाबायचं नाही. दाबलं तर झडप उघडते आणि पाणी नळीतून फर्स्ट स्टेजकडे जातं. मीठ वाळण्याआधी हे झालं पाहिजे. घरी पोचल्यावर बघू म्हटलं तर रात्रभराच्या प्रवासात मिठाचे खडे बसतात.

*

पावसाळ्यातलं कपाट. तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम धरतात. बुरशी माउथपीसपासून सुरू होते. कुंभारीण माशी कुठलंही भोक दिसलं की मातीचं घर बांधते. संच पूर्ण वाळवून, नळ्यांना सैल वळसे देऊन, कापडी पिशवीत, उन्हापासून दूर ठेवावा. गाडीच्या डिकीत कधीच नाही. सर्व्हिसला पाठवायचा तर ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरात किनारा उघडला की कारागिरांपुढे रांग लागते.

*

हे रेग्युलेटरचं नाही, तरी इथल्या माणसाने लक्षात ठेवायलाच हवं. डायव्हिंगनंतर शरीरात जादा नायट्रोजन असतो, आणि उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानासाठी सर्वमान्य सल्ला असा: एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास थांबा. हा सल्ला सुमारे ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात. आंबोली ६९० मीटरच्या आसपास. दुपारी तारकर्लीत डाइव्ह, संध्याकाळी आंबोलीचा घाट, दुसऱ्या पहाटे १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर मित्रांसोबत चढाई, असा बेत आमची मुलं सहज आखतात. तो आखू नये. शेवटचा दिवस किनाऱ्यावर काढावा, सिंधुदुर्ग किल्ला नीट बघावा, मग निघावं.

*

‘भंडारदऱ्यातच का नाही शिकवत?’ हाही नेहमीचा प्रश्न. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच आहे. रेग्युलेटरला उंचीने फरक पडत नाही, तो भोवतालचा दाब मोजून हवा देतो. शरीराला पडतो. ३०० मीटरच्या वर डाइव्हची कोष्टकं बदलतात. शिवाय धरणाच्या पाण्यात विसर्गाची ओढ असते, तळाशी बुडालेली झाडं असतात. परवानगीशिवाय आणि त्या पाण्याच्या शिक्षणाशिवाय तिथे उतरणं हा छंद नव्हे.

*

मे २०२४. सुगाव बुद्रुकला प्रवरेत तरुण बुडाले. शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली, नदीत त्यांची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. हे आमच्या दाराशी घडलं. त्यानंतर रेग्युलेटरविषयी कुणी नुसतं हौस म्हणून विचारलं तरी मी थोडा जास्त वेळ बोलतो. उबदार, शांत समुद्रासाठी घेतलेला संच आणि पर्यटकाचं प्रमाणपत्र घेऊन वाहत्या नदीत कुणी उतरू नये. शोधकार्यातल्या डायव्हरला दोरी, काठावरचा माणूस, पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण लागतं. बंधाऱ्याखालचा भोवरा या सगळ्यालाही दाद देत नाही. धैर्य आमच्या तरुणांत आहेच. कुठे थांबायचं हेही त्यांना कळावं.

*

विचारणाऱ्या मुलाला मी शेवटी एवढंच लिहून देतो. नामांकित कंपनीचा बॅलन्स्ड डायफ्रॅम, मधल्या किमतीचा. थंड पाण्याची बांधणी नको. डिन आणि सोबत योकचा अडॅप्टर. तोलामोलाची ऑक्टोपस. रबरी नळ्या. जवळ सर्व्हिस करणाऱ्याचं नाव आणि फोन, खरेदीच्या आधी. सर्व्हिसची तारीख वहीत लिहायची सवय. दोघा-तिघांनी मिळून एकच मॉडेल घेतलं तर उत्तम: किट एकत्र मागवता येतो, संच एकदम सर्व्हिसला जातात, आणि पाण्याखाली जोडीदाराचं यंत्र आपल्या हाताच्या ओळखीचं असतं. पैसे कमी पडत असतील तर यंत्र एक वर्ष उशिरा घ्या आणि तेच पैसे रेस्क्यू डायव्हरच्या कोर्सला लावा. भाड्याचा चांगला रेग्युलेटर केंद्रावर मिळतो. जोडीदाराला वर आणण्याचं कसब भाड्याने मिळत नाही.